दीड विडीचं निवेदन

कुन्निपरंबच्या वाचनशाळेत काहीही ठरवायचं असलं की आधी बैठक, मग काळा चहा, मग मतदान. पंखा कुठल्या भिंतीला लावायचा यावरसुद्धा इथे हात वर करून मतं मोजलेली मी पाहिली आहेत. तीस वर्षं झाली मला या दूर दक्षिणेतल्या गावात. मूळचा मी खानापूर तालुक्यातला, सोनं-चांदी गाळणारा. बाजारात माझं गलाईचं दुकान आहे. सगळे मला ‘सेट्टु’ म्हणतात. सेटपणाचं माझ्याकडे काही नाही. एक भट्टी आहे, चार मुशी आहेत आणि भाजलेली बोटं आहेत. पण गावानं एकदा नाव ठेवलं की ठेवलं.

तर वाचनशाळेनं पॉडकास्ट काढायचा ठराव झाला. मोबाईलवर ऐकायचा कार्यक्रम, दर रविवारी एक, त्यात गावातल्या गोष्टी, पुस्तकं, मुलाखती. विनिला नावाची आमची ग्रंथपाल आहे, तिचं हे डोकं. तिच्याकडे माईक होता, आवाज होता, सगळं होतं. नव्हतं ते दर भागाच्या सुरुवातीला वाजायचं निवेदन. ते कुणी लिहायचं यावर बैठकीत सहा जण एकाच वेळी उभे राहिले. मग भांडण नको म्हणून स्पर्धा.

नियम केले दामोदरन माषनी. माष म्हणजे मास्तर. हे निवृत्त हेडमास्तर आणि वाचनशाळेचे अध्यक्ष, झोपेतही नियम करणारे. वाचनशाळेच्या कुणाही सभासदाला लिहिता येईल. बंद पाकीट, वर नाव नाही, फक्त नंबर. सगळी निवेदनं विनिला आपल्याच आवाजात वाचेल, म्हणजे कुणाच्या आवाजावर कुणी भाळायला नको. प्रत्येक स्पर्धकाला चाळीस सेकंद. त्यावर एक सेकंद गेला तरी बाद. परीक्षक तीन: माष, कॉलेजात शिकवणाऱ्या शबना टीचर आणि मी.

“सेट्टु का?” कुणीतरी विचारलंच.

“त्याचं इथे कुणी सोयरंधायरं नाही, पक्ष नाही, आणि कविता तो करत नाही,” माष म्हणाले. “बाजू घेणार कुणाची?”

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

फळ्यावर सूचना लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सौमिनीएच्ची दुकानात आली. एच्ची म्हणजे आपल्याकडची ताई. इथे सत्तरीच्या बाईलाही एच्चीच म्हणतात. छत्री दाराशी टेकवली आणि न बसताच तिनं विचारलं, “सेट्टु, चाळीस सेकंद म्हणजे किती?”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. “तो लाल काटा बारावर आला की निघायचं, आठवर पोचला की थांबायचं.”

“काटा नको दाखवूस मला. विड्या किती?”

मला हसू फुटलं. “एच्ची, ते तुम्हालाच ठाऊक. मी सोनं गाळतो.”

ती डोळे मिटून उभी राहिली. हवेतच तिची बोटं हलली: पान घेतलं, तंबाखू भरली, वळली, टोकं दुमडली, दोरा मारला. “दीड,” ती म्हणाली. “दीड विडी. आणि हे बघ, तू परीक्षक आहेस म्हणून नाही हां विचारलं. तुझं दुकान वाटेत पडतं म्हणून.”

“तुम्ही लिहिणार?”

“का? मी लिहू नये?” ती आता बसली. “चौतीस वर्षं या तोंडातून शब्द गेले, सेट्टु. लाखांनी गेले असतील. एक तरी माझा होता का? पेपरवाल्याचे, कादंबरीवाल्याचे, पुढाऱ्यांच्या भाषणांचे. एकदा चार ओळी माझ्या असाव्यात आणि लोकांनी म्हणावं, ह्या बऱ्या आहेत. नाही म्हणाले तर माझं मी समजून घेईन, की सौमिनी, तू नुसता भोंगाच होतीस.”

मी मूस उचलून भट्टीकडे वळलो. परीक्षकानं बोलायचं नसतं. पण खरं सांगतो, त्या दिवशी माझं भट्टीत लक्ष लागलं नाही.

सौमिनी कुन्निपरंबच्या विडीच्या शेडमध्ये गेली ती एकोणिसाव्या वर्षी. सातवीपर्यंत शिकलेली. शेडमध्ये तेहेतीस माणसं ओळीनं बसायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. दिवसाला हजार विड्या व्हायलाच पाहिजेत. काम असं की हात आणि डोळे त्यात गुंतलेले, कान मात्र रिकामे. म्हणून या भागातल्या शेडमध्ये पूर्वीपासूनची रीत: एकानं वाचायचं, बाकीच्यांनी वळायचं. सकाळी पेपर, जेवणानंतर कादंबरी. वाचणाऱ्याच्या तेवढ्या वेळातल्या विड्या बुडतात, त्या बाकीच्यांनी आपल्या सुपातून भरून द्यायच्या. प्रत्येकी नऊ-दहा. कुणी मोजायला लावत नाही, कुणी आठवण करून देत नाही. संध्याकाळी वाचणाऱ्याच्या पुढ्यात आपोआप ढीग पडलेला असतो.

शेडमधल्या जुन्या वाचकाचा घसा बसला तेव्हा मुकादमानं विचारलं, पेपर कुणाला येतो? पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. शेजारच्या सुपावर रोहिणी बसायची, सौमिनीच्याच वयाची, जिभेनं कात्रीपेक्षा धारदार. ती म्हणाली, “हिला येतो. रात्रंदिवस वाणसामानाचे कागद वाचत असते.” सौमिनी लाजेनं लाल झाली आणि उठली. ती उठली ती चौतीस वर्षांनी शेड बंद पडली तेव्हाच खाली बसली.

चांगला वाचक कोण, हे तिनं मला एकदा सांगितलं होतं. जो रडवतो तो नाही. रडू आलं की हात थांबतो, हात थांबला की त्या बाईच्या विड्या कमी होतात. जो हसवतो तोही नाही. “हात चालू राहिला पाहिजे आणि संध्याकाळी घरी जाताना तिला अख्खी गोष्ट सांगता आली पाहिजे. तो वाचक.” आणि वाचकानं आपलं स्वतःचं काही मध्ये घालायचं नाही. मत नाही, उसासासुद्धा नाही.

हा नियम तिनं कसा पाळला त्याची एक गोष्ट आजही गावात सांगतात. पूर्वी दहावीचा निकाल पेपरात यायचा, नुसते नंबर, रांगाच्या रांगा. त्या सकाळी शेडमधल्या बायकांनी आपापल्या पोरांचे नंबर सौमिनीला सांगून ठेवले. अकरा नंबर. शिवाय बारावा तिच्या स्वतःच्या मुलीचा, शीजाचा. सौमिनी नंबर वाचत गेली. ओळखीचा नंबर आला की त्या जागी किंचित थांबायची, आणि सुपामागून एखादी बाई “आई गं!” करून ओरडायची. रोहिणीच्या मुलाचा आला तेव्हा सौमिनीनं तो दोनदा वाचला. शीजाचा जिथे यायला हवा होता तिथे आला नाही. त्याच्या आधीचा होता, नंतरचा होता. सौमिनीनं आधीचा वाचला, नंतरचा वाचला, त्याच सुरात, आणि पुढचे सगळे नंबर संपवून कापसाचे भावही वाचले.

संध्याकाळी रोहिणीनं विचारलं, “अगं, शीजाचं काय?”

“पेपरात नव्हता,” सौमिनी म्हणाली, “म्हणून वाचला नाही.”

शीजा पुढच्या वर्षी पास झाली, आता तळिपरंबला नर्स आहे. पण मला विचाराल तर त्या दिवशी पास झाली ती तिची आई.

सतरा पाकिटं आली. वाचनशाळेच्या मागच्या खोलीत आम्ही तिघे बसलो, पुढ्यात पिकल्या केळ्याची भजी, आणि विनिला एकेक ध्वनिमुद्रण लावू लागली. पहिल्या निवेदनात धबधबा होता. दुसऱ्यात बासरी, तिसऱ्यात धबधबा आणि बासरी दोन्ही. पाचव्या नंबरात वाचनशाळेच्या स्थापनेपासूनचे सगळे अध्यक्ष ओळीनं आले. माष खूश झाले, शबना टीचर भजी खात राहिल्या. एकात ‘माजी पोलीस निरीक्षक’ हे शब्द तीनदा होते, म्हणजे पाकिटावर नाव नसूनही ते कुणाचं हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. तेही दीड मिनिटाचं. बाद. चौथा नंबर मात्र झकास होता, तरतरीत, शेवटी एक चांगली कोपरखळी मारणारा. मी मनात त्याला पहिला ठेवला.

मग अकरावा नंबर लागला.

“हात थांबवू नका,” विनिलाच्या आवाजात सुरू झालं. “माझ्याकडे बघू नका, कामाकडे बघा. मासळी साफ करत असाल तर काटा सांभाळा. बस चालवत असाल तर वळण सांभाळा. बाळ मांडीवर असेल तर आवाज बारीक करा. जगाच्या बातम्या त्याला इतक्यात नकोत. या गावात एकदा बत्तीस माणसं विड्या वळायची आणि तेहेतिसावी वाचायची. वाचणारीच्या वाटचं काम बत्तीस जणांनी केलं. वर्षानुवर्षं केलं, आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. ते हात आता दुसरीकडे कुठेकुठे राबत असतील. कुणी गॅसपाशी, कुणी शिवणयंत्रावर, कुणी वाळवंटातल्या कुठल्या गोदामात. त्यांच्यासाठी हा आवाज आहे. तुम्ही काम करा, तुमच्या वाटचं आम्ही वाचतो. कुन्निपरंब वाचनशाळेचा पॉडकास्ट. कान इकडे द्या. हात राहू द्या तिकडेच.”

शबना टीचरच्या हातातलं भजं तसंच राहिलं. माषनी चष्मा काढला. त्यांची आई त्या बत्तिसांतली होती. तिच्या विड्यांवर ते हेडमास्तर झाले.

“पहिला,” मी म्हणालो.

“पहिला,” टीचर म्हणाल्या.

माषनी विनिलाकडे पाहिलं. “किती?”

विनिलानं मोबाईल पालथा घातला. मग उलटा करून दाखवला. अठ्ठावन्न सेकंद.

मी भांडलो. अगदी आवाज चढवून भांडलो, माझा स्वभावच तसा आहे. म्हणालो, निरीक्षकांचं दीड मिनिट आणि हे अठ्ठावन्न, एकाच तागडीत? माष म्हणाले, एका तागडीत म्हणूनच तो नियम. टीचर म्हणाल्या, विनिला जरा भराभर वाचेल. माष म्हणाले, मग सतराही भराभर वाचा. “सेट्टु, मला काय आनंद होतोय का?” असंही म्हणाले. शेवटी चौथ्या नंबराला पहिला ठरवून आम्ही उठलो. केळ्याची भजी तशीच राहिली.

रविवारी दुपारी चार वाजता वाचनशाळेच्या अंगणात सगळा गाव. खुर्च्या कमी पडल्या. माषनी निकाल वाचला. पहिलं आलं पाकीट नंबर चार. तीर्था उठली, इंजिनिअरिंगला असलेली पोरगी, आणि तिच्या मैत्रिणींनी शिट्ट्या मारल्या. मग माष म्हणाले, “एक गोष्ट सांगितली नाही तर माझ्या मनाला खाईल. अकरावा नंबर सगळ्यांत चांगला होता. तिन्ही परीक्षकांचं एकमत होतं. पण तो अठरा सेकंद जास्त झाला.”

दुसऱ्या रांगेतून सौमिनीएच्ची उभी राहिली. “अकरा माझा. आणि असं व्हायचं नाही, माष. मी मोजलाय.”

“एच्ची, मोबाईलवर…”

“मोबाईलचं मला सांगू नका. दीड विडीला मोजलाय, एकदा नाही, वीसदा. चौतीस वर्षं मोजत आले.”

कुणीतरी हसलं. रोहिणीनं मागे वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो खुर्चीत खचला. रोहिणीचं घर वाचनशाळेला लागूनच, ती अजून घरी विड्या वळते. ती उठून गेली आणि आपलं सूप घेऊन आली, पानं कापलेली, तंबाखू तयार. सौमिनीला बसवून तिच्या मांडीवर ठेवलं. “दाखव यांना,” म्हणाली.

सौमिनीनं विनिलाकडे मान हलवली. विनिला वाचू लागली, मोबाईलवर सेकंद पळू लागले, आणि सौमिनीची बोटं चालू लागली. मी सगळ्यांत पुढे होतो. पान उचलताना तिचा अंगठा जरा अडकत होता. दोरा मारताना एकदा सुटला. विनिला “तिकडेच” म्हणाली तेव्हा सुपात एक विडी पुरी झालेली आणि दुसरी बरोबर अर्धी वळलेली होती. दीड. बाईनं मोजण्यात तसूभर चूक केली नव्हती.

मोबाईलवर अठ्ठावन्न सेकंद.

तिनं मोबाईल पाहिला. मग आपला हात पाहिला. उताणा केला, पालथा केला. बराच वेळ ती हाताकडेच बघत होती, आणि आम्ही सगळे जमिनीकडे.

“काटा बरोबर आहे,” ती शेवटी म्हणाली. “हातच मंद झाला. कधी झाला, कळलं नाही बाई.” आणि सूप खाली ठेवायला वाकली. “नियम तो नियम, माष. तीर्थाचा पहिला.”

तेव्हा रोहिणी कडाडली. “थांब गं! सातवा नंबर कुणाचा? माझा. माझा किती सेकंद झाला, विनिला?”

विनिलानं पाहिलं. “पंचवीस.”

“मला जास्त बोलायचंच नव्हतं काही. पंधरा उरले ना माझे? ते हिच्यात घाला.”

माष गोंधळले. “रोहिणीएच्ची, सेकंद म्हणजे काय विड्या आहेत?”

“मग काय आहेत?” रोहिणी म्हणाली. “हिचे कमी पडले, माझे उरले. चौतीस वर्षं रोज दिले, तेव्हा तुम्ही विचारायला आला नव्हता. तुमच्या आईनंही दिले. नियमात कुठे लिहिलंय देऊ नका म्हणून?”

माषनी खिशातून नियमांचा कागद काढला. खरोखर काढला आणि वाचला. ‘प्रत्येक स्पर्धकाला चाळीस सेकंद.’ द्यायचे-घ्यायचे नाहीत असं पुढे कुठेच नव्हतं. शबना टीचर शांतपणे म्हणाल्या, “प्रत्येकाला म्हणजे ज्याचे त्याचे. ज्याचे त्याचे तो कुणालाही देईल.”

“पंधरानं भागत नाही,” माष पुटपुटले. “तीन कमी पडतात.”

मग शोधाशोध सुरू झाली. बाकी सगळ्यांनी आपले चाळीसच्या चाळीस वापरलेले, धबधब्यांनी तर काठोकाठ. निरीक्षक उठून म्हणाले, “माझ्याकडून हवे तेवढे घ्या,” आणि सगळं अंगण हसलं, कारण त्यांचेच पन्नास वर गेलेले. तीन सेकंद कुणाकडे नव्हते. सौमिनी म्हणत होती, पुरे झालं, बसा आता.

“माझ्याकडे पाच आहेत,” तीर्था म्हणाली.

पोरीला हिशेब कळत नव्हता असं नाही; इंजिनिअरिंगला आहे ती. ते तीन सेकंद दिले की अकरावा नंबर पात्र, आणि अकरावा पात्र झाला की हिचा पहिला नंबर गेला.

“नाही,” सौमिनी म्हणाली. “तुझा आहे तो. मला नको.”

“एच्ची, मी पुढच्या वर्षीही लिहीन,” तीर्था म्हणाली. “तुमचा हात पुढच्या वर्षी आणखी मंद होणार. तेव्हा कोण देणार एवढे सेकंद?”

रोहिणी खो खो हसली. सौमिनीलाही हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाली, “जीभ बघा पोरीची. बरं, तीनच घेते. दोन ठेव तुझ्याकडे.”

माषनी मत घेतलं. मत घेतल्याशिवाय इथे कुणी शिंकतही नाही. हात वर झाले. मी तीस वर्षांत इतके हात एकदम वर गेलेले पाहिले नव्हते. विरोधात मोजायला माष वळले तर तिकडे कुणीच नव्हतं. मला गहिवरून आलं ते मी लपवलं नाही. सोयरंधायरं नाही म्हणून मला परीक्षक केलं होतं ना? त्या दुपारी माझं सगळं सोयरंधायरं त्या अंगणात बसलेलं होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

विनिला माईक घेऊन सौमिनीकडे आली. “एच्ची, आता हे तुम्हीच वाचा. पहिल्या भागाला तुमचाच आवाज लावू. असा आवाज गावात दुसरा नाही.”

सगळे टाळ्या वाजवू लागले. सौमिनीनं माईक हातानं बाजूला सारला.

“वाचलं मी पुष्कळ,” ती म्हणाली. “तू वाच. मला ऐकायचंय.”

आणि ती खाली बसली, पदर सारखा केला, आणि इतकी वर्षं तिच्यासमोर बसणाऱ्या बायका बसायच्या तशी कान देऊन बसली.